कात्री उद्या

"ऋतुजा, ही तुझ्यापाशी ठिव," म्हणत अक्कांनी कात्री माझ्यापुढं ठेवली. मी बाळाला पाजत होते. कात्रीला त्यांनी जुन्या साडीची पट्टी गच्च गुंडाळली होती.

सुकन्याअक्का माझ्या थोरल्या नणंद. अख्ख्या मुरुडात त्यांच्यासारखं ब्लाउज कुणी शिवत नाही. त्यांना बायपोलरचा आजार आहे; मन कधी उधळतं, कधी पार तळाला जातं. एकदा उधळलं तेव्हा गिऱ्हाइकांची कापडं त्यांनी माप न बघताच सपासप कापली होती. बऱ्या झाल्यावर त्यांनी स्वतःलाच नेम घालून घेतला. खडूच्या रेघा आज, कात्री उद्या. कितीही घाई असो.

त्याच्या आदल्या आठवड्यात शेजारची महामाया वैतागून म्हणाली, "कापड काय दूध हाय का अक्का, रातभर विरजायला?"

एरवी अक्कांनी तिला असं काही सुनावलं असतं की तीच हसत गेली असती. त्या दिवशी नुसत्या बघत राहिल्या. रात्रभर त्यांच्या खोलीतला दिवाही जळत असायचा.

लग्न होऊन आले तेव्हापासून लातूरच्या दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच जाते. गोळ्यांचं प्रमाण बघायला रक्त तपासतात. मनाला आवर किती आहे ते बघायला कधी कॉम्प्युटरसमोर बसवतात. हिरवा ठिपका आला की बटण दाबायचं, लाल आला की हात आवरायचा. हात आवरेना, झोप उडाली, पुढच्या दिवसांची आशाच दिसेनाशी झाली, की जपा, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं. पण जिवाचा धोका रक्तात किंवा मशीनवर नेमका लिहून येत नाही, शंका आली तर सरळ विचारा. विचारल्यानं नसलेलं काही डोक्यात शिरत नाही, असंही म्हणाल्या होत्या.

सांगायला सोपं. मी कात्री माझ्या पाठीमागं सरकवली.

"अक्का, मरायचं मनात येतंय का?"

"हाव." त्या बाळाच्या तळपायाकडं बघत होत्या. "लई जोरात येतंय."

"आत्ता बी?"

"आत्ता बी. म्हणून तर आले. कापडासाठी एक रात थांबते मी. जिवासाठी थांबू नये का?"

मी त्यांचं मनगट धरलं आणि नवऱ्याला हाक मारली. सासूबाईंनी बाळाला घेतलं. दिवस मावळायच्या आत आम्ही लातुरात होतो.

कुणी आणलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच आले," अक्का म्हणाल्या. "ही नुसती सोबतीला."

त्यांना ठेवून घेतलं, गोळ्या बदलल्या. घरी आल्यावरही कात्री बरेच दिवस माझ्या कपाटात कुलपात होती. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यावर अक्कांनी ती मागितली. बाळाचं झबलं शिवायचं होतं. बाळ माप घेऊ देईना, टेपच तोंडात घाली. अक्का हसल्या, किती दिवसांनी! फुलाफुलाच्या कापडावर त्यांनी निळ्या खडूनं रेघा ओढल्या. मी कात्री काढून तिची पट्टी सोडवून दिली.

त्यांनी कात्री हातात घेतली, बोटं घालून बघितली, आणि खाली ठेवली. कापडाची घडी करून मशीनवर ठेवली.

"उद्या," म्हणाल्या.

सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा आतून कात्रीचा आवाज आला.