शिवलेला खिसा

मी एक जुना खाकी कोट आहे, मित्रांनो, आणि पंचाहत्तर वर्षं उलटली तरी माझा राग गेलेला नाही.

औरंगाबादच्या छावणीत एका शिंप्यानं मला शिवलं आणि निजामाच्या फौजेतल्या मोहियोद्दीन नावाच्या शिपायाला मी मिळालो. तो पैठणकडचा. त्याच्या आईनं माझ्या पितळी गुंड्या पदरानं पुसल्या, तेव्हा माझी काय ऐट होती! मग अठ्ठेचाळीस साली निजाम हरला. मोहियोद्दीननं बंदूक खाली ठेवली आणि पलटणीच्या साहेबानं त्याला सुटकेची चिठ्ठी दिली. ती माझ्या छातीवरच्या खिशात घालून त्यानं पायीच घरची वाट धरली.

युद्ध संपलं होतं, पण सूड संपला नव्हता. रझाकारांनी गावं जाळली होती, ते मी नाकारत नाही. पण बदला घ्यायला निघालेल्यांना खाकीतला कुणीही चालत होता.

वाटेत चितेगावात भामाबाई नावाच्या एका बाईनं त्याला पाणी दिलं. ती म्हणाली, "भाऊ, ह्यो कोट काढा. खाकी दिसली की लोक मारायलेत." तिनं त्याला नवऱ्याचा सदरा दिला आणि मला सरपणाखाली दडवलं. घाईत चिठ्ठी माझ्याच खिशात राहिली.

तो अंगणाबाहेर पडतो न पडतो तोच जमावानं पायातल्या फौजी बुटांवरून त्याला ओळखलं. सरपणाच्या फटीतून मला सगळं दिसत होतं.

"मी बंदूक ठेवली हाय. चिठ्ठी हाय माझ्याजवळ," तो सांगत होता. सदऱ्याला खिसाच नव्हता. तरी तो छाती चाचपत राहिला, खाली पडेपर्यंत. लढाईत घराबाहेर न पडलेले चौघे त्याला मारण्यात सगळ्यांत पुढे होते. मेल्यांनो, चार दिवस आधी कुठं होतं तुमचं शौर्य?

संध्याकाळी भामाबाईला चिठ्ठी सापडली. तिनं ती तशीच ठेवून खिसा शिवून टाकला आणि मला ट्रंकेत घातलं. जन्मभर ती याबद्दल कुणाशी बोलली नाही.

तिची नात करुणा मुकुंदवाडीच्या एका शाळेत शिकवते. यंदा मुक्तिदिनाच्या नाटकासाठी तिनं मला बाहेर काढलं. मला घालून हरलेला शिपाई वर्गातल्या कहकशानं व्हायचं ठरलं. ती उंच आहे, म्हणे. तालमीत तिनं हात वर केले, तरी मुलं तिला खोटंखोटं बडवत राहिली आणि बाकीच्यांनी टाळ्या पिटल्या. करुणाबाईसुद्धा हसत होत्या. माझा नुसता संताप झाला.

कहकशाचा हात छातीशी गेला. "बाई, ह्याच्यात कागद आहे."

करुणाबाईंनी ब्लेडनं टाके कापले. चिठ्ठी उर्दूत होती, त्यांना वाचता येईना. मग कहकशानंच ती वाचून मराठीत सांगितली, "शिपाई मोहियोद्दीननं हत्यार खाली ठेवलं आहे. त्याला घरी जाऊ द्यावं."

टाळ्या थांबल्या.

"मग तो पोचला का घरी?" एका मुलीनं विचारलं.

करुणाबाईंना ते ठाऊक नव्हतं. मला होतं.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, डांबराच्या गोळ्या घाला, असं मी सांगणार नाही. मला कसर लागली तरी चालेल. हात वर केलेल्या माणसाला घरी जाऊ द्या.