मालिकेतली ती आणि भट्टीवरची ताई

गिऱ्हाईक बाईंनी पावाची पिशवी काउंटरवर ठेवली, आतून पीठ झटकत आलेल्या ताईचा हात धरला आणि काही कळायच्या आत स्वतःच्या गालावर ठेवला.

"ओळखा बघू मला," बाई गहिवरून म्हणाल्या.

ताई दचकली. तिने हात मागे ओढला आणि काउंटरवर बसलेल्या वहिनीच्या दिशेने पुढे केला. वहिनीने आपले हात तिच्या तळव्यांखाली सरकवले आणि भराभर खुणा करून सांगितलं, "गिऱ्हाईक आहे. टीव्हीवरची मालिका बघते."

"हिचं काय दुखतंय?" ताईने हातांनीच विचारलं. "गाल ओला लागला."

वहिनीला हसू आवरेना. बाईंना वाटलं, आपली माया पोचली. त्या डोळे टिपत निघून गेल्या. गालावर पिठाचा पांढरा पंजा तसाच.

ताई ही वहिनीची थोरली नणंद. जन्मापासून बहिरी, तिशी उलटल्यावर डोळ्यांनीही हळूहळू साथ सोडली. पण तोवर ती या बेकरीत मुरली होती. अंधार झाला तो तिच्या डोळ्यांपुढे, भट्टी होती तिथेच राहिली. तिच्या वाटेत यायचं असेल तर आधी खांद्यावर थाप द्यायची, एवढाच काय तो बेकरीतला नियम. भाऊ ट्रकवर, आज इथे तर उद्या तिथे. त्यामुळे घरात नणंद-भावजय दोघीच. हातांची भाषा वहिनीला ताईनेच शिकवली होती. एकीने खुणा करायच्या, दुसरीने त्या हातांवर हात ठेवून वाचायच्या. चारचौघांत वहिनी नणंदेला अहो-जाहो करायची, पण हातांच्या भाषेत कुठलं आलंय अहो-जाहो! तिथे सगळा कारभार एकेरी.

ती मालिका रोज संध्याकाळी आठला लागायची. नायिका ताईसारखीच, ना ऐकू येत ना दिसत. वहिनी एक डोळा पडद्यावर ठेवून ताईला सगळं सांगायची.

"आज काय झालं?" ताई विचारायची.

"खिडकीत बसून रडली."

"खिडकीत कशाला? तिला काय दिसतंय?"

"वारा लागत असेल."

"आणि काम काय करते?"

"काम नाही करत. तो येतो ना तिचा, मग ती त्याचा चेहरा चाचपते."

"रोज? एकदा चाचपून लक्षात राहत नाही?"

"तुला मेलीला काही भावनाच नाहीत," असं वहिनी चिडून सांगायची आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसायची. कारण रडू तिलाही यायचंच. ती नटी दिसायला गोड होती आणि मागे सनई-व्हायोलिन लावून रडायची. त्यापुढे दगडालाही पाझर फुटला असता.

मग एका भागात त्या नायिकेने चाचपडत चाचपडत पेटत्या शेगडीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीचे मालक दारातच उभे होते. मनाने माणूस लोण्यासारखा, पण लोण्याला जसं जरा ऊन सोसत नाही तसंच त्यांचं.

"वहिनी, काल बघितलंत ना? आमची आई तर जेवलीच नाही. म्हणाली, ती भट्टीवर उभी असते आणि तुला झोप कशी लागते रे? खरंच आहे. उद्या काही बरं-वाईट झालं तर लोक मला फाडून खातील. ताईंना सांगा, आजपासून खोकी दुमडायची. बसून काम. पगार आहे तोच."

वहिनीने ताईला बाजूला घेऊन सांगितलं.

"पाव करपला का?" ताईने विचारलं.

"नाही."

"कच्चा राहिला?"

"नाही गं. मालकांना तुझी काळजी वाटते. मालिकेतल्या तिचा हात भाजला ना काल."

ताईने विचारलं, "तिचा हात भाजला, म्हणून माझं काम गेलं?"

वहिनीने ताईला कोपऱ्यातल्या स्टुलावर नेऊन बसवलं.

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी वहिनीला बरंच वाटलं होतं. कधीतरी आपल्याही मनात ही भीती येऊन गेलीच होती की, असं तिने स्वतःला समजावलं. ताईनेही तक्रार केली नाही. ती खोकी दुमडायची आणि घरी येऊन गप्प बसायची. मालिकेची वेळ झाली तरी "आज काय झालं?" म्हणून हात पुढे येईना. आठवडा असाच गेला. एका संध्याकाळी ताई सवयीने पिन घेऊन नखांतलं पीठ काढायला बसली. एकेक नख चाचपलं, सगळी स्वच्छ निघाली, तशी तिने पिन मुकाट्याने डबीत ठेवून दिली.

वहिनीने डोळे पुसले. या वेळी टीव्ही बंद होता.

ती उठून ताईजवळ गेली. "उद्या मालकांशी बोलू."

"मीच बोलेन," ताई म्हणाली. "तू फक्त जसंच्या तसं सांग. वरून साखर पेरू नकोस."

सकाळी ताई स्टुलाकडे गेलीच नाही. ॲप्रन बांधून थेट भट्टीपाशी उभी राहिली. मालक हां हां म्हणत धावत आले. ताईने हात पुढे केला.

"त्यांना तुमचा हात हवाय," वहिनी म्हणाली.

मालकांनी बिचकत हात दिला. ताईने त्यांची बाही कोपरापर्यंत सारली आणि बोटं फिरवली. मनगटाच्या वर एक जुना चट्टा, त्याच्या शेजारी दुसरा, आणि एक अगदी ताजा, अजून खपली न धरलेला. मालक कळवळले. मग ताईने आपली बाही वर केली. तिच्याही हातावर तसेच चट्टे होते, जुने, पुसट. ती हातांनी बोलू लागली आणि वहिनी तिच्यामागून मोठ्याने सांगू लागली.

"भट्टीवाल्याचा हात भाजतोच. माझा भाजला, तुमचाही भाजला. तुम्ही कधी खोकी दुमडायला बसलात?"

भट्टीवरचे दोघे कामगार हातातलं काम टाकून बघत राहिले.

पुढचं वाक्य आलं तेव्हा वहिनी क्षणभर थांबली. काही झालं तरी ते मालक, पोटाला तेच देतात. पण ताईचे हात वाट बघत होते.

"त्या म्हणतात, तुम्हाला माझी काळजी नाही. तुम्हाला लोकांची भीती आहे."

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी बाही खाली केली, पुन्हा वर केली. "आहे भीती," ते शेवटी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण वहिनी, लोकांचंही सोडा. तुम्ही एखाद्या दिवशी रजेवर असलात आणि इथे काही झालं, तर मी ताईंना सांगू कसं? एवढी वर्षं झाली, मला एक अक्षर येत नाही."

वहिनीने ते सांगितलं. ताईच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

"त्या म्हणतात, मग शिका की. कुणी अडवलंय?"

"आत्ता?"

"आत्ताच. पहिला शब्द, सरक."

मालकांनी तो शब्द ताईच्या हातांखाली इतक्या जोरात केला की ताई खरंच दोन पावलं सरकली, आणि कामगार खो खो हसत सुटले. मालकही हसले. मग त्यांनीच पहिला ट्रे उचलला, ताईच्या खांद्यावर थाप दिली आणि तिच्या हातात दिला.

त्या दिवशी पाव संध्याकाळपर्यंत निघत राहिले. मधेमधे मालक येऊन "सरक" म्हणून जायचे, कारण नसतानाही. शेवटी ताईने त्यांना "पुरे" हा शब्द शिकवला.

पुढे काही आठवड्यांनी मालिकेचा शेवटचा भाग होता. दोघी कामावरून येऊन, जेवून टीव्हीसमोर बसल्या. पडद्यावर मोठे डॉक्टर आले, शस्त्रक्रिया झाली, पट्टी उलगडू लागली. वहिनी बोटांनी सांगत होती, "आता तिला दिसणार बघ. तो समोरच उभा आहे, हातात फुलं..."

तिच्या हातांवरचे ताईचे हात जड झाले होते. तिने वळून पाहिलं. ताई तिच्या खांद्यावर मान टाकून गाढ झोपली होती. दिवसभर उभ्याने राबलेल्या माणसाची झोप. तोंड किंचित उघडं, कानशिलावर पीठ.

वहिनीने अलगद एक हात सोडवून रिमोट घेतला आणि ताईची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज कमी केला. आपण काय केलं ते लक्षात आलं तेव्हा तिचं तिलाच हसू आलं. तरी आवाज तिने परत वाढवला नाही.