चहाआधीचा एक तास

मित्रांनो, मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. माझे हात आता गुळगुळीत झाले आहेत आणि झुलताना डावीकडून मी जराशी कुरकुरते. मला एका सुताराने घडवले. त्याच्या नमुन्यांच्या वहीची पाने सुटली होती. पुस्तकबांधणी करणाऱ्या आत्यांनी ती इतकी सुरेख शिवून दिली, की त्याने खूश होऊन मला त्यांच्यासाठी केले. वाकवण्यासाठी माझे लाकूड वाफेवर नरम होत होते, तेव्हा स्वप्नात असल्यासारखे वाटत होते. उन्हात बसले की अजून तसेच वाटते.

आत्यांना मात्र बसायला सवड नसे. खिडकीशी मी आणि पलीकडे त्यांचे टेबल. त्यावर दाभण, मेण लावलेला दोरा, खळीचा वाडगा. दुपारी त्या माझ्यावर टेकायच्या, दोन झोके घ्यायच्या आणि "चला, पानं वाट बघतायत" म्हणत उठायच्या. घरात त्या आणि त्यांची भाची, दोघीच. भाची बस चालवते. उजाडण्याआधीच कामावर निघते.

मग एका वर्षी दोन झोक्यांचे दहा झाले. पुढे आत्या दुपारभर माझ्यातच राहू लागल्या. खरे सांगते, मला आनंदच झाला! मला वाटले, अखेर यांना माझी माया लागली. भर उन्हात त्या घोंगडी पांघरायच्या. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा दिसू लागला. बोलता बोलता शब्द कुठेतरी राहून जायचे. एकदा त्यांनी एका शिक्षिकाबाईंच्या पुस्तकाची पाने उलटी शिवली.

"असू दे हो, वय झालं आता," बाई म्हणाल्या.

आत्यांनी दाभण खणात ठेवले. पुढे कित्येक दिवस ते बाहेर आलेच नाही.

भाचीला हे पटेना. "आम्ही घामाने भिजतोय आणि तू घोंगडी घेऊन बसतेस. हे कसलं गं वय?" असे म्हणत ती त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. रक्त तपासले, तेव्हा कळले, की गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. वय पाहून डॉक्टरांनी लहान मात्रेची गोळी सुरू केली.

भाची कामाला लागली. रोज निघताना ती माझ्याशेजारी एक वाटी ठेवायची. त्यात थायरॉइडची गोळी, हाडांसाठीची कॅल्शियमची गोळी आणि जवळ चहाचा थर्मास. "आत्या, उठलीस की घेऊन टाक." आत्या माझ्यात बसून सगळे एकदम घ्यायच्या. मी ते रोज पाहत होते.

दीड-दोन महिने गेले. फरक काही पडेना. "ती हत्यारं कुणाला तरी देऊन टाक," एके दिवशी आत्या म्हणाल्या. भाची माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

दुसऱ्या सकाळी दवाखान्यातली परिचारिका पुन्हा तपासणीसाठी रक्त घ्यायला घरी आली. भाचीने रजा घेतली होती. परिचारिकेने वाटी पाहिली.

"गोळी कशी घेता?"

"सगळ्या एकदम, चहाबरोबर. कटकट नको!" आत्या म्हणाल्या.

"चहाबरोबर? आणि कॅल्शियमसुद्धा? अहो, मग थायरॉइडची गोळी अंगी लागणार कशी? डॉक्टर मात्रा वाढवतील, त्याआधी हे त्यांना सांगते मी."

भाचीचा चेहरा पडला. "मीच ठेवत होते गं सगळं एकत्र."

"वेडी कुठली! तू ठेवलंस म्हणून तर घेतलं. नाहीतर मी कसली घेते!"

डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवली, फक्त रीत बदलली. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. मग एक तास चहा नाही, खाणे नाही. कॅल्शियम चार तासांनंतर, म्हणून ते वेगळ्या डबीत. दुपारी बसथांब्यावरून भाचीचा फोन यायचा, "आत्या, दुसरी डबी."

तो चहाआधीचा तास त्या माझ्यात घालवायच्या. "चहाशिवाय तास म्हणजे शिक्षाच!" म्हणत कुरकुरायच्या, मीही कुरकुरायचे. सुट्टीच्या दिवशी भाचीही चहा न घेता खाली बसून त्यांच्या मांडीवर डोके ठेवायची. खिडकीतून ऊन हळूहळू आत सरकायचे. मी अगदी अलगद झुलायचे. जगातले सगळे तास असेच असावेत, असे वाटायचे.

फरक एका दिवसात पडला नाही. एका सकाळी घोंगडी घसरून खाली पडली आणि आत्यांनी ती उचललीच नाही. मग आवाज मोकळा झाला. मग एकदा खण उघडल्याचा आवाज आला! शिक्षिकाबाईंकडून ते पुस्तक परत मागवून आत्यांनी ते उसवले आणि नव्याने शिवले.

पुढच्या तपासणीचा अहवाल चांगला आला. "आता बंद करू का गं गोळी? बरं वाटतंय," आत्यांनी विचारले.

"बरं वाटतंय ते गोळीमुळेच. गुपचूप घे," भाची म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरातले वडीलधारे माणूस असे बसून राहू लागले, तर वय झाले म्हणून सोडून देऊ नका. गोळी घेतली का, एवढेच विचारू नका. कशी घेतली, तेही विचारा. मी सगळे पाहत होते, पण मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.