आमच्याकडचं हो

परक्या गावात पाऊल टाकलं की मी बिचकतो, आणि इथे तर आम्ही समुद्र ओलांडून आलो होतो. बल्गेरियात, आमच्या रुसे गावात, मला कोणी भित्रा म्हणत नाही. तिथे डॅन्यूब नदी कुठून येते नि कुठे जाते ते मला ठाऊक आहे, आणि रस्त्यात कोणी काही विचारलं तर उत्तर देता येतं. इथे माल्टात, वॅलेटामध्ये, माझ्याकडे शब्द होते ते एवढेच: हॅलो, थँक्यू आणि बिअर.

नेवेनाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, इंग्रजी चांगलं. सकाळी हॉटेलात नाश्त्याला तिने आमची शिकवणीच घेतली.

"हे बघा, इथे हो म्हणजे असं." तिने मान खाली-वर केली. "आणि नाही म्हणजे असं." मान डावी-उजवीकडे. "आपल्या बरोब्बर उलट. लक्षात ठेवा, नाहीतर फजिती होईल."

"सत्तर वर्षं हीच मान हलवतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "आता ह्यांच्यासाठी उलटी हलवू होय? बल्गेरियातून आलोय म्हणावं, समजून घ्या."

बिल्यानाला मात्र खेळच सापडला. वेटर संत्र्याच्या ज्यूसचा जग घेऊन आला की ती मान खाली-वर करायची आणि ग्लास भरायचा. मग तो पावाची टोपली पुढे करायचा, ही मान डावी-उजवीकडे करायची आणि टोपली निघून जायची. एकदाही चुकली नाही. शेवटी नेवेनाने ग्लासावर हात ठेवला, "अगं पुरे, पोट फुटेल!"

बिल्याना सहा वर्षांची. नेवेनाची मुलगी. माझी कोण, इथेच घोडं अडायचं. आमच्या लग्नाला दीड वर्ष होऊन गेलं तरी ती मला काकाच म्हणायची. तिचा बाप जर्मनीत असतो, वाढदिवसाला फोन करतो, तोही आठवला तर. पण बाबा म्हणजे तोच, फोनमधला. सासूबाई तर मला कोणीच म्हणत नसत. मी समोर बसलेलो असताना नेवेनाला म्हणत, "तुझ्या ह्याला सांग, मीठ दे." बिल्यानाने मला एकदा बाबा म्हणावं, असं फार वाटायचं. पण ही काय मागून घ्यायची गोष्ट आहे?

त्या दिवशी फिरून फिरून आम्ही बंदरावरच्या बागेत पोहोचलो. दुपारी तिथे तोफ उडवतात, ती बघायला ही गर्दी! नेमकं तेव्हाच सासूबाईंना बाथरूमला जायचं होतं.

"मी आईला घेऊन जाते, तिला पाट्या वाचता येणार नाहीत," नेवेना म्हणाली. "तू हिला सांभाळ. रुमेन, हात सोडू नकोस हं."

"सोडेन कशाला?"

"तुझ्या ह्याला सांग," सासूबाई जाता जाता म्हणाल्या, "आपली लेक असल्यासारखी धर म्हणावं."

माझा फोनही नेवेनाकडेच होता, तिचा बंद पडल्यामुळे ती माझ्या फोनवरच फोटो काढत होती. पासपोर्टही तिच्याच पर्समध्ये. बिल्याना पहिल्यांदाच एकटी माझ्या ताब्यात होती, तेही परक्या देशात. मी तिचा हात इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "काका, दुखतंय." मी बोटं सैल केली.

आणि तोफ उडाली.

असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. छातीतून आरपार गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कबुतरं उडाली, आणि मी खाली पाहिलं तर माझा हात रिकामा.

"बिल्याना!"

समोर नुसत्या पाठी, टोप्या, बॅगा. मी लोकांना ढकलत सुटलो. माणसं रागावून काहीतरी म्हणत होती. कठड्याखाली सरळ कडा होता, आणि तिकडे बघायची माझी हिंमत होईना. मग मीच स्वतःला शिव्या घालून बघितलं. खाली कोणी नव्हतं. मी पुन्हा गर्दीत घुसलो, हाका मारत. नेवेनाला काय सांगू, हे एकच डोक्यात घोंघावत होतं.

ती सापडली आइस्क्रीमच्या टपरीपाशी. टपरीवाली गुडघ्यांवर बसून तिचे डोळे पुसत होती. मी झेप घेतली आणि बिल्यानाचा दंड धरला. आता कळतं, मी कसा दिसलो असेन ते. घामाने थबथबलेला, धापा टाकणारा, लालबुंद बाप्या एका रडणाऱ्या पोरीला ओढतोय.

टपरीवालीने झटकन माझा हात बाजूला केला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं आणि बिल्यानाला विचारलं, "पापा?"

बिल्याना घाबरली की मुकी होते. अंगठा तोंडात आणि नजर बुटांवर. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली, डावी-उजवीकडे.

टपरीवालीने तिला पाठीमागे घेतलं आणि जोरात कोणाला तरी हाक मारली. बागेचा रखवालदार आला, आडदांड, पांढऱ्या शर्टातला. एक बाई आपलं बाळ घेऊन मागे सरकली. कोणीतरी मोबाइल माझ्यावर रोखला.

रखवालदाराने माझ्या छातीवर बोट टेकवलं. "पापा?"

हो! हो, हो! मी जिवाच्या आकांताने मान हलवली, डावी-उजवीकडे, डावी-उजवीकडे. त्याच्या कपाळावरची आठी बघितल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मग मी घाईघाईने खाली-वर करायला लागलो. आधी नाही, मग हो. चोरसुद्धा याहून बरं खोटं बोलला असता.

त्याने वॉकीटॉकी तोंडाला लावला आणि मला तिच्यापासून दूर, भिंतीकडे सरकवलं. मी बल्गेरियनमध्ये ओरडत होतो, ती माझी आहे, तिची आई आत्ता येईल, मी तिला रोज शाळेत सोडतो. कोणाला काय कळणार? पोलीस येतील, पोरीला कुठल्यातरी ऑफिसात नेऊन बसवतील, आणि ती तोंडातून शब्द काढणार नाही.

पण त्या गर्दीत मला खरी भीती वेगळ्याच गोष्टीची वाटत होती. सकाळी ज्यूस मागताना ही पोर एकदाही चुकली नव्हती. इथलं हो तिला ठाऊक होतं, इथलं नाहीसुद्धा. मग तिने मला ओळखून, विचार करून, त्यांच्या भाषेत नाहीच म्हटलं असेल तर? मी तिचा बाप नाहीच मुळी. तिने खरं सांगितलं असेल, तर मी कोणाशी भांडू?

"काय गोंधळ घातलाय ह्याने!"

सासूबाई! त्यांचा आवाज ऐकून मला इतका आनंद याआधी कधीच झाला नव्हता. रखवालदाराने त्यांनाच गाठलं. एक बोट माझ्याकडे, एक बिल्यानाकडे. "पापा?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नातीकडे पाहिलं. आणि सगळा जोर लावून, अंबाडा सुटेपर्यंत, मान डावी-उजवीकडे हलवली.

रखवालदाराने माझं मनगट पकडलं.

नशीब, नेवेना मागोमाग पळत येत होती, हात अजून ओले. ती इंग्रजीत बोलली, हसली, रडली, पासपोर्ट काढले, फोनवरचे आमचे फोटो दाखवले. रखवालदाराने माझं मनगट सोडलं आणि स्वतःच मान डावी-उजवीकडे हलवून बघितली. मग सगळेच हसायला लागले. टपरीवालीने छातीवर हात ठेवून माझी माफी मागितली आणि बिल्यानाला आइस्क्रीम दिलं.

"हसायला काय झालं?" सासूबाई कडाडल्या. "मी खरं तेच सांगितलं!" मग पिशवीतून उकडलेलं अंडं काढून त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "खा. तोंड बघ, पांढरं पडलंय."

मी हसू शकलो नाही. अंडं तसंच खिशात टाकलं. सासूबाईंना इथली रीत पाळायचीच नव्हती, त्यांचं हो मला कळलं. पोरीचं काय?

हॉटेलकडे परतताना बोटीत नेवेना आणि सासूबाई आत बसल्या. बिल्याना माझ्या मांडीवर होती, गालाला आइस्क्रीम. मी तिचा हात धरला होता. विचारू की नको, असं बराच वेळ चाललं. उत्तराची भीती मला तोफेपेक्षा जास्त होती.

"बिली, त्या बाईने विचारलं तेव्हा तू अशी मान हलवलीस ना. ते आपलं होतं, की इथलं?"

तिने वेड्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"इथलं ज्यूससाठी असतं," ती म्हणाली. "बाबांसाठी नसतं."

माझे डोळे भरून आले. मी समुद्राकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने ती कुरकुरली, "हात दुखतोय माझा. आता सोडशील?"

मी मान खाली-वर केली. आमच्याकडे त्याला नाही म्हणतात.