वकिलाची कोरडी वाळू

शनिवारी संध्याकाळी घमेल्यातली वाळू कोरडी होती. हे घरात फक्त कडुबाला माहीत होतं आणि त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

सांगायचं कसं, हाच प्रश्न होता. घमेलं मांजराचं, मांजर सुनेचं आणि विषय लघवीचा. सासऱ्याने सुनेशी कशाकशावर बोलावं याची कडुबाची यादी पक्की होती: भाजी, लाइटबिल, येणारे पाहुणे आणि हवा. कंबरेखालचं काहीही त्या यादीत बसत नव्हतं. पैठण आगारात एकतीस वर्षं एसटी चालवलेला हा माणूस साहेबांना तोंडावर चार शब्द सुनवायला कधी कचरला नव्हता, पण सुनेपुढे तो एक शब्द उच्चारायचा म्हटलं की त्याची दातखीळ बसायची.

मांजर म्हणजे काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या छातीचा बोका, म्हणून त्याचं नाव वकील. तीन वर्षांपूर्वी सुनेने, विशाखाने, त्याला तिच्या शाळेच्या अडगळीच्या खोलीतून ओढणीत गुंडाळून आणलं, तेव्हा कडुबा म्हणाला होता, "ह्या घरात एकतर ह्यो राहील, नायतर मी." दोघंही राहिले. महिन्याभरात बोका कडुबाच्या खुर्चीत आणि कडुबा शेजारच्या स्टुलावर अशी बैठक ठरून गेली. बायको गेल्यापासून दुपारी बोलायला घरात कुणी नव्हतं. वकील ऐकून घ्यायचा आणि मधे सल्ला द्यायचा नाही, एवढ्यावर कडुबा खूश होता. घमेल्याचं कामही त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं आणि वर म्हणायचा, "माझं काय त्यात, मांजर तुमचं."

तर शनिवारी त्याने पाहिलं की वकील पाच वेळा घमेल्यात गेला, बसला, कुठेतरी लांब बघत राहिला आणि तसाच बाहेर आला. ते लांब बघणं कडुबाने लगेच ओळखलं. गेलं वर्षभर त्याचंही असंच चाललं होतं. न्हाणीघरात उभं राहायचं, भिंतीवरच्या फरश्या मोजायच्या आणि वाट बघायची. बायको असती तर तिला एकदा तरी बोलून दाखवलं असतं. आता मुलगा कामात आणि सून परक्याची लेक, मग सांगणार कुणाला? त्याने स्वतःच्या बाबतीत जे वर्षभर केलं, तेच वकिलाच्या बाबतीत केलं. सकाळी बघू म्हणाला आणि झोपला.

रविवारी सकाळी वकील वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन पडला. तिथेच ओकला, आणि हात लावला की गुरगुरायला लागला. आकाश, म्हणजे कडुबाचा मुलगा, शेंद्र्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेला होता आणि तिथे मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागतो. समोरच्या भागूबाई मात्र हाक मारायच्या आधीच हजर झाल्या. त्यांनी बोक्याकडे एक नजर टाकली आणि घरून एरंडेलाची बाटली घेऊन आल्या.

"पोट गच्च झालंय त्याचं," भागूबाई म्हणाल्या. "दोन चमचे पाज. सांजच्यापर्यंत मोकळा."

विशाखाने चमचा भरला. दारात उभ्या असलेल्या कडुबाने एकदा खाकरून पाहिलं, पण कुणी लक्ष दिलं नाही.

"एरंडेल नको," तो म्हणाला.

"का, मामा?"

"त्याला ते नाय झालेलं."

"ते म्हणजे?"

"मागचं नाय," कडुबा चौकटीच्या बिजागरीकडे बघत म्हणाला. "पुढचं."

"पुढचं काय?" भागूबाईंनी विचारलं. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

"लघवी," कडुबा म्हणाला, आणि एकदा तोंडातून गेलाच शब्द म्हटल्यावर पुढचंही बोलून मोकळा झाला. "कालच्याला दुपारपासून एक थेंब नाय झाली त्याला. घमेल्यात बसतंय आन उठतंय. वाळू सगळी कोरडी हाय."

विशाखाने चमचा खाली ठेवला. "कालच का नाही सांगितलं, मामा?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. मोबाइलवर दोन मिनिटं काहीतरी वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "चप्पल घाला," ती म्हणाली. "रिक्षा शोधत बसायला वेळ नाही, स्कूटीवर जाऊ."

वकिलाला वायरच्या पिशवीत बसवलं आणि वरून टॉवेल बांधला. कडुबा पिशवी मांडीवर घेऊन सुनेच्या मागे बसला. जन्मभर पन्नास-साठ माणसं पाठीमागे बसवून गाडी हाणलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मागे बसणं म्हणजे शिक्षाच. मुकुंदवाडीपासून सेव्हन हिलपर्यंत तो उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत होता.

"डाव्या अंगानं घे. त्या टेम्पोच्या नादाला लागू नको. हॉर्न दे की."

"मामा, गाडी मी चालवतेय."

"व्हय, ते दिसतंय मला."

मोंढा नाक्यापर्यंत पिशवीतून वकिलाचं रडगाणं सुरू होतं, तोवर दोघांना धीर होता. क्रांती चौकाच्या सिग्नलला पिशवी गप्प झाली. विशाखाने मागे वळून पाहिलं. कडुबाने टॉवेलाखाली हात घातला. बोक्याचं अंग गरम होतं, पण कान गार पडले होते. आपण काल चार शब्द बोललो असतो तर ही वेळ आली नसती, हे त्याला तिथं सिग्नलला थांबल्या थांबल्या स्पष्ट दिसलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"वकिला, दम धर," तो पिशवीत तोंड घालून म्हणाला. "पोचलोच बघ आपण."

औरंगपुऱ्यातला दवाखाना एका चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होता. डॉक्टर दीपमाला वयाने विशाखाएवढ्याच होत्या. त्यांनी वकिलाचं पोट दोन बोटांनी चाचपलं आणि मदतनिसाला सामान काढायला सांगितलं.

"मोसंबीएवढी फुगलीय लघवीची पिशवी," त्या म्हणाल्या. "बोक्यांची नळी फार बारीक असते. बारीक खडे, घाण अडकली की तुंबते. आणखी अर्धा दिवस गेला असता तर हा वाचला नसता. भूल देऊन नळी घालते. तोवर मला थोडी माहिती हवीय. त्रास कसा सुरू झाला?"

विशाखाने कडुबाकडे पाहिलं. घमेल्याचं खातं त्याचं होतं. कडुबा पुढे सरसावला. काल गप्प बसण्याची चूक केली होती, आज ती भरून काढायची, काही म्हणता काही वगळायचं नाही असं त्याने ठरवलं.

"आधी धार बारीक झाली," तो म्हणाला. "मग थेंब थेंब. जोर लावल्याबिगर सुरूच होईना. आन जाऊन आलं तरी वाटतंय, आजून हायच."

डॉक्टर लिहून घेत होत्या. "वारंवार जातो?"

"तर. रातच्याला चार-चार बारी उठणं. झोपेचं पार खोबरं."

"रात्री?" विशाखा म्हणाली. "मामा, वकील माझ्या पायाशी झोपतो. सकाळी दूध तापेपर्यंत जागचा हलत नाही."

पण कडुबा आता रंगात आला होता. वर्षभर तुंबलेलं बोलणं ते, एकदा वाट मिळाल्यावर कशाला थांबतंय. "कुठं जाणं-येणं नको वाटतंय. लगीन नको, काही नको. बसमधी बसायचं म्हणलं की धास्ती, मधीच लागली तर गाडी कोण थांबवणार?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "बसमध्ये?" त्यांनी विचारलं.

मदतनीस सुया मोजायला लागला. महिन्यापूर्वी पैठणला सख्ख्या भाचीचं लग्न होतं आणि कडुबा गुडघ्याचं निमित्त काढून घरी राहिला होता. विशाखा तेच आठवत असणार, हे त्याला तिच्याकडे न बघताही कळलं. त्याने समोरच्या भिंतीवरची कुत्रं चावल्यावर काय करावं याची माहिती वरपासून खालपर्यंत वाचली. मग परत वाचली.

"मी मांजराचं तेवढं ठेवते," डॉक्टर म्हणाल्या आणि त्यांनी कागदावरच्या तीन ओळी खोडल्या.

अर्ध्या तासाने आतून स्टीलच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. विशाखा तोंडावर हात धरून रडली आणि हसलीही. कडुबाचाही जीव भांड्यात पडला, पण खरं सांगायचं तर त्याला थोडा हेवाही वाटला. असा आवाज त्याने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

वकिलाला दोन दिवस तिथेच ठेवलं. त्या दोन दिवसांत विशाखा त्या विषयावर चकार शब्द बोलली नाही. रविवारी रात्री जेवताना आकाश बोक्याबद्दल वीस प्रश्न विचारत होता आणि कडुबा प्रत्येक घासाला पुढच्या प्रश्नाची धास्ती घेत होता, पण तो प्रश्न आला नाही. म्हणजे सुनेने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. कडुबाला तिचं कौतुक वाटलं, आणि ती काहीच बोलत नाही म्हणून चुटपुटही लागली.

मंगळवारी सकाळी नळी काढली. दुपारी विशाखा शाळेतून अर्धी रजा टाकून आली, आणि कडुबा घरची वाळू पिशवीत भरून घेऊन आला, कारण वकिलाला परकी वाळू चालत नाही.

"आता याने स्वतःहून करायला हवी," डॉक्टर दीपमाला म्हणाल्या. "केली तर आजच घरी न्या. नाही केली तर पुन्हा नळी, आणि मग ऑपरेशनचा विचार करावा लागेल. पुन्हा पुन्हा तुंबलं तर काही सांगता येत नाही."

पिंजऱ्यात ट्रे ठेवला. वकील ट्रेमध्ये जाऊन बसला आणि त्या दोघांकडे बघत राहिला. ते दोघं त्याच्याकडे बघत राहिले. वकील उठला. थोड्या वेळाने परत बसला आणि परत उठला.

"तुम्ही असं टक लावून बघितल्यावर कोण करेल?" डॉक्टर म्हणाल्या. "तिकडे तोंड करून बसा." आणि त्या पुढच्या खोलीत निघून गेल्या.

मग सासरा आणि सून पिंजऱ्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले. भिंत पिवळट होती आणि तिच्यावर एकही पाटी नव्हती. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. पाचेक मिनिटं गेली. मागे काहीच हालचाल नव्हती.

समोर नुसती भिंत असली की बोलणं सोपं जातं, हे कडुबाला त्या दिवशी कळलं.

"पोरी," तो भिंतीला म्हणाला, "मला बी होत नाय नीट."

"माहितीये, मामा," विशाखाही भिंतीलाच म्हणाली. "गुरुवारचा नंबर लावलाय तुमचा, लघवीच्या डॉक्टरांकडे."

"कधी लावला?"

"रविवारी. इथून खाली उतरल्या उतरल्या."

"आपरेशन सांगतील," कडुबा म्हणाला. "आमचे आप्पासाहेब कंडक्टर महिनाभर नळी आन पिशवी घेऊन हिंडत हुते. लोकं बघायला जायची त्यांना."

"सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही. गोळ्यांवरही भागतं पुष्कळांचं." मग तिचा आवाज बदलला. "क्रांती चौकात पिशवी गप्प झाली ना, त्यानंतर गाडी कशी चालवली मला माहीत नाही. तुमच्या बाबतीत मला तसं नकोय, मामा. मला तुम्ही हवे आहात घरात. एवढंच."

आयुष्यात कडुबाला असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. बायकोनेही नाही. तिची पद्धत निराळी होती, ती भाकरीवर जास्त तूप घालायची. त्याने नुसती मान हलवली. भिंतीकडे बघणाऱ्या विशाखाला ती मान दिसली की नाही कोण जाणे.

तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. वाळूत पाणी मुरतं तसा. विशाखाने कडुबाचा हात धरला. दोघांनीही वळून पाहिलं नाही. आवाज चालू राहिला, थांबला, आणि मग पंजाने वाळू ओढल्याची खसखस ऐकू आली.

डॉक्टर येऊन ट्रे बघून गेल्या. "भरपूर," म्हणाल्या. "न्या घरी. कोरडं खाणं कमी करा, पाणी वाढवा, आणि लक्ष ठेवा." वकील ट्रेमधून बाहेर येऊन पांढरी छाती चाटत बसला. झालेल्या गोष्टीशी त्याचा काही संबंध नाही असा त्याचा थाट होता.

पिशवीवर टॉवेल बांधता बांधता विशाखाने विचारलं, "गुरुवारी आकाशला रजा मिळायची नाही. नंबर पुढच्या आठवड्यात ढकलला तर तो येईल तुमच्याबरोबर. की गुरुवारी मी येऊ?"

कडुबाने पिशवी उचलली. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर तो थांबला.

"तूच चल," तो म्हणाला. "आत बी चल. म्हातारपणी आम्हाला निम्मं सांगायचं राहून जातंय." मग दोन पायऱ्या उतरून पुन्हा थांबला. "फकस्त मी सांगाया लागलो की तू तेवढं भिंतीकडं तोंड कर."