डोळे मिचकावणारी डोलकाठी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. लांबचं मला लख्ख दिसतं, नाकासमोरचं मात्र काही दिसत नाही. त्यामुळे मी स्वभावानं घाबरट आहे. संकट लांब असतं तेव्हा ते मला सगळ्यांच्या आधी दिसतं, तेही मोठं होऊन. जवळ आलं की नुसतं धूसर होतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. भिंगं घासणाऱ्या बाईंनी मला शेवटचं पुसलं, समोरच्या भिंतीवरच्या पालीवर रोखलं आणि "पास" म्हणाल्या. मी पाहिलेला पहिला वन्यप्राणी म्हणजे ती पाल. तिनंही माझ्याकडे पाहिलं. तिनं मला पास केलं की नाही, ते कळलं नाही.

तिथून मी एका बंदरातल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर आले. तिथल्या टेहळ्यानं मला गळ्यात घातलं. येणारं जहाज ओळखायचं आणि खाली वर्दी द्यायची, हे आमचं काम. एकदा भरकटलेली मासेमारीची होडी आम्ही सगळ्यांच्या आधी पाहिली. होडीवाल्यानं कौतुकानं माझ्या पट्ट्याला नवं चामडं शिवून दिलं. टेहळ्याला नुसतं "बरं झालं" म्हणाला.

मग ती धुक्याची सकाळ आली. एका मालवाहू जहाजावर आम्हाला एक जास्तीची डोलकाठी दिसली. पिवळट, ठिपक्याठिपक्यांची. बघता बघता ती वाकली, आमच्याकडे वळली आणि तिनं डोळे मिचकावले. टेहळ्यानं नियमाप्रमाणे वर्दी दिली, "अनोळखी डोलकाठी. डोळे मिचकावते." खालून उत्तर आलं, "कुणाला?"

तेवढ्यात धुकं दाटलं आणि जहाज न थांबताच पुढे निघून गेलं. प्राणिसंग्रहालयाकडे निघालेला तो जिराफ होता, हे टेहळ्यानं परोपरीनं सांगितलं, पण ते खरं आहे हे आम्हा दोघांनाच ठाऊक. साहेबांनी टेहळ्याला डोळे तपासायला पाठवलं. डोळे उत्तम निघाले, त्यामुळे प्रकरण आणखी बिघडलं. डोळे चांगले असून असं बोलतो म्हणजे काय! त्या दिवसापासून सगळं बंदर त्याला "जिराफराव" म्हणू लागलं.

पुढे मनोऱ्यावर यंत्रं बसली. यंत्रांना जहाजं दिसायची, जिराफ दिसत नसत, म्हणून त्यांचा दर्जा वरचा. निवृत्तीच्या दिवशी जिराफरावांना मी भेट मिळाले. घरी आल्यावर मी कपाटाच्या वरच्या खणात गेले, डांबरगोळ्या आणि एकट्या पडलेल्या मोज्याच्या शेजारी. मित्रांनो, तो मोजा सज्जन होता. पण सारखा आपल्या जोडीदाराविषयी बोलायचा. खणात दमट हवा होती. हळूहळू माझा डावा डोळा अंधूक झाला.

एक दिवस कपाट उघडलं. जिराफराव आता आजोबा झाले होते आणि त्यांची नात आफ्रिकेतल्या अभयारण्याचा बेत आखत होती. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता, नकाशावर वरणाची वाटी होती आणि वाटीखाली सगळे सिंह.

"कोरड्या दिवसांत जायचं," नात म्हणाली, "तेव्हा गवत खुरटं असतं, जनावरं पाणवठ्यावर येतात. छोट्या विमानाला वजन चालत नाही, म्हणून एकच मऊ पिशवी. आणि आजोबा, निळं काही घ्यायचं नाही. तिथली एक चावरी माशी निळ्या रंगावर येते."

आजोबांचे सगळे स्वेटर बंदराचे होते. म्हणजे निळे.

"तिथे जाऊन करायचंय काय पण?" आत्या म्हणाली. आत्या म्हणजे आजोबांची लेक. जगातली कुठलीही गोष्ट ऐकली की तिला आधी त्यातलं वाईट ऐकू यायचं, मग बाकीची गोष्ट. "बाबा, या वयात सिंहासमोर जायचं?"

"सिंहाला माझं वय कोण सांगणार आहे?" आजोबा म्हणाले. "आणि मला सिंह नकोच. मला एकदा जिराफ बघायचाय. हिच्यातून." त्यांनी मला डोळ्यांना लावलं. "डावीकडे धुकं आहे गं. त्या दिवशीचंच. आत अडकून राहिलंय."

"आजोबा, नवी घेऊ ना, हलकीशी," नात म्हणाली.

मी जड होते, अर्धी आंधळी होते आणि पिशवी एकच होती.

"नव्या दुर्बिणीनं काय पाहिलंय?" आजोबा म्हणाले. "साक्षीदार हीच आहे."

त्याच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. आजोबा प्रवासाची लस घ्यायला गेले आणि जाता जाता डॉक्टरांशी पोटातल्या जळजळीबद्दल बोलले. डॉक्टर म्हणाले, "नाही थांबली, तर दुर्बिणीतून बघू." हे घरी आत्याच्या कानावर गेलं आणि तिनं धसकाच घेतला. आणि मी बाजारातल्या भिंगवाल्याकडे दुरुस्तीला गेले. भिंगवाल्यानं मला दिव्याखाली धरलं, च्च् केलं आणि घरी फोन लावला. तो नेमका आत्यानं उचलला.

मित्रांनो, पुढचं बोलणं मी टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं. मला तोंड नाही, याचं एवढं वाईट कधीच वाटलं नव्हतं.

"आजोबांच्या दुर्बिणीबद्दल बोलतोय," भिंगवाला म्हणाला. "आत बुरशी धरलीये."

"आई गं! कुठे?"

"डावीकडे. उजवी बाजू ठणठणीत आहे."

"बरं होईल ना हो?"

"उघडल्याशिवाय कसं सांगू? वय बघता जपून उघडावं लागेल. बिजागरी पण गंजलीये."

"गुडघा म्हणताय का?" आत्या रडवेली झाली होती. भिंगवाल्याच्या तोंडात स्क्रू होता, त्यामुळे तो नुसता "हं" म्हणाला.

"आणि आफ्रिकेला नेलं तर?"

"न्या की! फक्त धूळ लागू देऊ नका. काम संपलं की पुसून पेटीत ठेवा."

पलीकडून फोन पडल्याचा आवाज आला.

भिंगवाल्यानं मला उघडलं, बुरशी पुसली, बिजागरीला तेल दिलं. मला मात्र एकच चिंता. बेत मोडणार. आणि मोडणार माझ्या नावामुळे!

संध्याकाळी नात कामावरून परतताना मला घेऊन घरी आली. दारातच चपलांचा ढीग होता. सगळे नातेवाईक फळं घेऊन बसले होते आणि मधोमध आजोबा खुशीत.

"एवढी माणसं निरोपाला!" आजोबा म्हणाले. "अरे, मी परत येणार आहे."

हे ऐकून आत्याच्या मामेसासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"त्रास होतो का फार?" कुणीतरी हळूच विचारलं.

"त्रास कसला? जन्मभर वाट बघितली. वर पोचलो की मस्त दिसेल सगळं."

"वर?"

"विमानातून!"

आत्या कोपऱ्यात प्रवास कंपनीला फोन लावत होती. "तिकिटं रद्द करायचीत," ती हुंदके देत म्हणाली. "हो, दोन्ही. आमच्या बाबांच्या दुर्बिणीत बुरशी निघाली."

"अगं आत्या, निघाली म्हणजे निघून गेली!" नातीनं मला पिशवीतून काढून वर धरलं. "ही बघ. स्वच्छ."

मामेसासूबाईंनी आणलेली केळी हळूच स्वतःकडे ओढली.

आत्यानं फोन खाली ठेवला. ती हसली नाही. "पेटीत ठेवा म्हणाला होता तो," एवढंच म्हणाली आणि मग खूप रडली. आजोबा तिच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझा पट्टा तिच्या गळ्यात घातला आणि तिला खिडकीशी नेलं.

"काय दिसतंय? वर्दी दे."

बाहेर अंधारून आलं होतं. लांब एका अर्धवट इमारतीवर पिवळी क्रेन उभी होती. आत्यानं नाक ओढलं.

"बाबा, काहीतरी उंच आहे. मान वळवतंय... अगंबाई, डोळा मिचकावतंय!"

क्रेनच्या टोकाचा लाल दिवा उघडझाप करत होता.

"कुणाला?" आजोबांनी विचारलं.

आत्यानं मला डोळ्यांवरून काढलं आणि वडिलांकडे बघतच राहिली. मग तिनं पिशवी उघडली, तिनंच भरलेले सगळे निळे स्वेटर बाहेर काढले आणि मोकळ्या जागेत मला मऊ पंच्यात गुंडाळून ठेवलं.

मित्रांनो, उद्या आम्ही निघतो. मला काळजी आहेच. छोटं विमान, ती माशी, आणि जिराफ त्या दिवशी दुसरीकडे गेला तर? पण तुम्हाला एक विनंती. आमच्यासारख्यांना दमट कपाटात कोंडू नका, अधूनमधून उन्हात आणि माणसांत आणा. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यानं काही अजब पाहिलं असं सांगितलं, तर त्याला लगेच डोळे तपासायला पाठवू नका. आधी खिडकीशी उभे राहा आणि विचारा, "कुठे?"