न धावलेले चारशे किलोमीटर

मला सांगा, विश्वास टाकायचा तर कुणावर? गोड बोलणाऱ्यावर, की मान खाली घालून मोजणाऱ्यावर? तुम्ही पटकन म्हणाल, मोजणाऱ्यावर. थांबा. मी जन्मभर मोजतच आलोय, आणि तरी सांगतो, एवढी घाई करू नका.

मी एका सिंगल सिलिंडर मोटारसायकलचा मीटर बोलतोय. हँडलच्या मधोमध बसणारा, गोल, काळ्या तबकडीचा. वर वेगाचा काटा, खाली छोट्याशा खिडकीत किलोमीटरचे आकडे आणि सगळ्यांत शेवटी एक लाल आकडा. तो किलोमीटरचा दहावा भाग दाखवतो. माझ्यात चंचल म्हणाल तर तो एकटाच.

कारखाना मला अंधुक आठवतो. पांढरा दिवा आणि एका बाईची थंड बोटं. काच बसवण्याआधी तिने माझ्या तबकडीवर हलकेच फुंकर मारली. ती फुंकर अजून आतच आहे, असं मला पहाटेच्या गारव्यात वाटतं.

पण माझं खरं शिक्षण झालं स्पेअर पार्टच्या दुकानात. दोन वर्षं मी काउंटरमागच्या फळीवर पडून होतो. दुकानदाराला सगळे वस्ताद म्हणत. माल तेच विकत, तेच बसवून देत. त्यांच्याकडे ॲव्हरेज वाढवणाऱ्या वस्तूंचं एक वेगळंच कपाट होतं. पेट्रोलच्या नळीला लावायचं चुंबक, दोन टोकांचा प्लग, लाल कापडाचा एअर फिल्टर. प्रत्येक डबीवर लिहिलेलं असे, वीस टक्के बचत.

एक दूधवाला दर महिन्याला एकेक वस्तू नेई. पाचव्या खेपेला वस्ताद म्हणाले, "काका, आता पुरे करा. आणखी एक बसवलंत तर पंपवाला तुमच्याकडून पेट्रोल विकत घ्यायला येईल!" दूधवाला हसला आणि तरीही पाचवी डबी घेऊन गेला. त्या दिवशी मला कळलं, की माणसं वस्तू विकत घेत नाहीत, आशा विकत घेतात. वस्तू नुसती वेष्टनासारखी असते.

मग एके दिवशी माझे मालक आले. ते शिलाई मशीन दुरुस्त करत. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, खिशाला टोचलेल्या सुया, आणि गाडीवर गावोगाव फेरी. त्यांचा जुना मीटर बंद पडला होता. सोबत त्यांची बायको, म्हणजे आमच्या बाई होत्या, काखेत वही धरून.

"मीटर चांगला आहे ना?" मालकांनी विचारलं.

"अहो, खोटं बोलायला त्याला तोंड कुठंय?" वस्ताद म्हणाले.

बाईंनी मला हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "तोंड नाही, पण आकडे आहेत की."

मला ती बाई तिथंच आवडली.

त्या वहीचं सांगतो. पेट्रोल भरलं की बाई माझ्यावरचा आकडा आणि किती लिटर भरलं ते लिहीत. मालकांची पद्धत आणखी कडक. नवीन काही बसवलं की टाकी पार कोरडी करायची, बाटलीने मोजून एक लिटर ओतायचं आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. जिथं बंद पडेल तिथला माझा आकडा म्हणजे त्या वस्तूचा निकाल. याला ते परीक्षा म्हणत. परीक्षेच्या दिवशी बाई दुसरी बाटली पिशवीत ठेवायला विसरत नसत. कितीतरी संध्याकाळी मी अशाच एखाद्या अनोळखी वळणावर थांबलोय. इंजिन गप्प, आजूबाजूला वाऱ्यावर हलणारं गवत, आणि मालक माझ्या काचेवर वाकून पुटपुटतायत, "पन्नास, पॉइंट दोन."

पन्नास. गाडीचा स्वभावच तो होता. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला तर चव्वेचाळीसवर आली. बाई म्हणाल्या, "आवाजाला पेट्रोल लागतंच हो. माणसाचंही तसंच, जास्त बोललं की भूक लागते." तो सायलेन्सर परत गेला. लाल फिल्टरने काही बिघडलं नाही, काही सुधारलंही नाही.

मग वस्तादांनी पुढचं चाक काढलं. त्या जागी बुटकं, पातळ टायर असलेलं चकचकीत चाक बसवलं. "रस्त्याला कमी चिकटतं. बघा, ॲव्हरेज कसं पळतं ते."

परीक्षा झाली. पंचावन्न.

मालक रस्त्यातच नाचायचे बाकी राहिले. दुसऱ्या लिटरलाही पंचावन्न. बाईंनी वहीत लिहिलं, पण पेन्सिलीने. एरवी सगळं पेनाने लिहीत.

इथं माझी कबुली. माझ्या पोटात एक तार येते, ती पुढच्या चाकातून. चाक फिरलं की तार फिरते, तार फिरली की माझे आकडे सरकतात. मी रस्ता पाहत नाही. मी फक्त चाकाच्या फेऱ्या मोजतो. नवं चाक बुटकं होतं, तेच अंतर कापायला त्याला जास्त फेऱ्या घ्याव्या लागत. मी प्रामाणिकपणे प्रत्येक फेरी मोजली आणि प्रत्येक दहा किलोमीटरला एक किलोमीटर खोटा बोललो. मला त्याची जाणीव नव्हती. उलट अंगात काहीतरी हलकं, झोपेत चालल्यासारखं वाटे. गाडी तीच, रस्ते तेच, पण मी भराभर पुढं जात होतो. कौतुक कुणाला नको असतं?

पाच महिने असे गेले.

मग बाईंच्या वडिलांचा निरोप आला. ते नदीवर होडी चालवत. काठावर एक पितळी घंटा टांगलेली होती. लहानपणी प्रत्येक खेपेआधी ती वाजवायचा मान बाईंचा. आता नदीवर पूल झाला होता आणि परवापासून तो सुरू होणार होता. निरोप एवढाच, "उद्या संध्याकाळी सहाला शेवटची खेप. घंटा वाजवायला ये."

बाईंनी निरोप दोनदा वाचला आणि वहीत ठेवला.

नदी इथून दोनशे दहा किलोमीटर, पठारावरून. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मालकांनी टाकी कोरडी केली आणि मोजून चार लिटर ओतले.

"अहो, आज कसली परीक्षा?"

"अगं, चार पंचे वीस, वर दोनशे. दोनशे वीस जाते. रस्ता दोनशे दहाचा. चार लिटरमध्ये सासुरवाडी! बाबांना सांगायला बरं."

"बाबांना घंटा ऐकायचीय, ॲव्हरेज नाही."

पठाराच्या पायथ्याशी शेवटचा पंप होता. बाईंनी मालकांच्या खांद्यावर थाप मारली. "भरून घ्या."

"आता भरलं तर सगळं गणित फुकट जाईल."

"बाटली?"

"घरीच राहिली. दोनशे दहाच तर जायचंय."

गाडी पुढं निघाली. पठारावर आकाश इतकं खाली आलेलं की हात लावावा. ढगांच्या सावल्या आमच्या पुढं पळत आणि आम्ही त्यांच्यातून आतबाहेर करत होतो. बाईंचे डोळे मिटलेले असावेत, कारण त्यांचं बोट मालकांच्या पाठीवर ठेका धरत होतं. एक, दोन, मग थोडं थांबून तीन. घंटेचा ठेका.

साडेपाचच्या सुमारास इंजिन खोकलं. रिझर्व्ह मालकांनी आधीच लावलं होतं, तेही संपलं. आणि मग सगळं शांत. गाडी आपोआप घरंगळत किलोमीटरच्या एका दगडापाशी थांबली.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "दोनशे वीस झाले! बरोबर दोनशे वीस!" क्षणभर त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी समोर पाहिलं. समोर पठार होतं. "पण... नदी तर दोनशे दहावर आहे. मग नदी गेली कुठे?"

बाईंनी रस्त्याकडेच्या दगडाकडे बोट दाखवलं. दगडावर लिहिलं होतं, दहा.

"नदी जागेवरच आहे," बाई म्हणाल्या. "आपणच अजून आलो नाही."

दोघांनी गाडी ढकलायला सुरुवात केली. बाई माझ्या बाजूने चालत होत्या, त्यांची नजर माझ्यावरच होती. पुढचा दगड आला, नऊ. मी एक किलोमीटर पूर्ण दाखवला आणि लाल आकडा वर एक घर सरकलेला. त्यापुढचा दगड, आठ. पुन्हा एक, आणि वर लाल घर. बाई वाकल्या, पुढच्या टायरवर तळहात टेकवून त्याची उंची आपल्या गुडघ्याशी लावून पाहिली. पूर्वीचं चाक कुठवर यायचं ते त्यांना ठाऊक होतं.

"याचे पाय आखूड झालेत हो," त्या हळूच म्हणाल्या. "पावलं जास्त टाकतोय बिचारा. आपण पावलांना अंतर समजलो."

मालकांच्या कपाळावरचा घाम माझ्या काचेवर पडला.

आठच्या दगडापासून उतार लागला. दोघं बसले आणि आम्ही इंजिनाशिवाय, आवाजाशिवाय खाली घरंगळत गेलो. तसा प्रवास मी पुन्हा केला नाही. फक्त वारा, साखळीची कुजबुज, आणि खाली दूरवर तांब्याच्या पत्र्यासारखी चमकणारी नदी. माझा काटा थरथरत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला मोजायचं नव्हतं, फक्त पोचायचं होतं.

काठावर पोचलो तेव्हा साडेसहा वाजून गेले होते. धक्का रिकामा. होडी नदीच्या मध्यावर, वीस-पंचवीस माणसांची काळी रेघ.

बाई धावल्या आणि घंटेची दोरी ओढली. एक, दोन, मग थोडं थांबून तीन.

मधोमध वल्हं थांबलं. होडी वळली नाही, माणसं भरलेली, वळणार तरी कशी. पण एक हात वर झाला आणि बराच वेळ वरच राहिला. बाई दोरी धरून उभ्या होत्या, होडी पलीकडे लागेपर्यंत.

मालक माझ्याजवळ येऊन हँडलवर डोकं टेकून बसले. "माझ्या पंचावन्नने तुझी खेप घालवली गं," ते म्हणाले.

सकाळी काठावरच्या किराणावाल्याने बाटलीभर पेट्रोल दिलं आणि आम्ही नव्या पुलावरून पलीकडे गेलो. दोन मिनिटं लागली. म्हातारबाबा पालथ्या होडीवर बसले होते.

"बाबा, मला उशीर झाला," बाई म्हणाल्या.

"झाला खरा. लोक माझ्यावर ओरडत होते, तरी वीस मिनिटं थांबलो." म्हाताऱ्याने होडीवर हात फिरवला. "मग निघालो. पण वल्हं हळू मारत होतो, पोरी. घंटा ऐकल्याशिवाय पलीकडे लागायचं नव्हतं मला."

बाई रडल्या, तेव्हा पहिल्यांदा.

परतल्यावर वस्तादांच्या दुकानात बोलल्या त्या बाई. "तुमचं चाक छान आहे, वस्ताद. फक्त त्याने आकडा पळवला, गाडी नाही."

वस्तादांनी डोकं खाजवलं, जुनं चाक काढून बसवलं आणि त्या दिवसाची मजुरी घेतली नाही. बाईंनी वहीतले सगळे पंचावन्न खोडले. पेन्सिलीने लिहिलेले, सहज गेले. परीक्षा पुढंही होत राहिली, पण आधी दगडाशी मला ताडून पाहत. गाडी पन्नासच देत राहिली, आणि मालकांना पन्नास आवडायला लागले.

आता मी निवृत्त आहे. गाडीला आकडे चमकवणारा नवा मीटर बसला. मी बाईंच्या शिलाई मशीनशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. सुई खाली-वर होते, तिचा ठेका ऐकत मी पेंगतो, आणि स्वप्नात उतारावरून घरंगळतो.

माझ्या खिडकीत आकडा थांबलाय, अडुसष्ट हजार दोनशे चौदा. कुणी पाहुणा आला की वाचतो आणि म्हणतो, बापरे, केवढं फिरलाय!

तुमच्याकडे एवढंच मागणं. तुम्ही तो आकडा कुठं लिहून ठेवणार असाल तर आधी त्यातून चारशे वजा करा. त्या पाच महिन्यांत मी तेवढे जास्त मोजले, ते रस्ते मी पाहिलेच नाहीत. आणि तुमच्या घरी एखादा पंचावन्न पेन्सिलीने लिहिलेला असेल, तर त्यावर पेन फिरवण्याआधी एकदा रस्त्याकडेच्या दगडापाशी थांबा. हिशोब खरा ठेवा. पलीकडे कुणीतरी वल्हं हळू मारत असतं.